रोजचा भाव

पगारदार माणसाचे उत्पन्न तारखेला येते. शेतकऱ्याचे हंगामाला येते, दुकानदाराचे रोज गल्ल्यात पडते. पगारदाराचे मात्र महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या आकड्यात खात्यावर जमा होते आणि १० तारखेपर्यंत त्यातला बराचसा भाग आपापल्या वाटेने निघून गेलेला असतो: घराचा हप्ता, शाळेची फी, किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स. त्याच्याही आधी पगारपत्रकावर कात्री चाललेली असते. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, प्राप्तिकर, कर्मचारी पतसंस्थेचा हप्ता आणि व्यवसाय कर. महाराष्ट्रात हा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. महिन्याला २०० प्रमाणे १२ महिन्यांचे २,४०० होतात, म्हणून फेब्रुवारीत ३०० कापून हिशेब पुरा करतात. २५-३० वर्षे नोकरी करूनही फेब्रुवारीत १०० रुपये जास्त का गेले, असे कधी न विचारलेली माणसे पुष्कळ सापडतील. हातात येण्याआधी जे कापले जाते त्याचे दुःख होत नाही. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीचा सगळा डोलारा या एका स्वभावावर उभा आहे.

एसआयपी हा शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधी ही रीत भिशीत होती. गिरणीच्या खात्यात, शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत, चाळीच्या मजल्यावर १२ जण जमत, दरमहा प्रत्येकी ठरलेली रक्कम टाकत, स्टीलच्या वाडग्यात नावांच्या चिठ्ठ्या ठेवून एखाद्या लहान पोराला हात घालायला लावत, आणि ज्याचे नाव निघेल त्याच्या हाती त्या महिन्याची सगळी रक्कम जाई. ज्याची भिशी आधी लागली त्याला ते बिनव्याजी कर्ज. ज्याची शेवटी लागली त्याची ती बिनव्याजी बचत. व्याजाचा हिशेब कुणी मांडत नसे, कारण भिशीत माणूस यायचा तो व्याजासाठी नव्हेच. चार लोकांत नाव राहावे म्हणून पैसे बाजूला पडतात, यासाठी यायचा. पिग्मीचेही तसेच. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोज दोन आणे गोळा करण्यापासून सुरू केलेली ही पद्धत महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी अशी उचलली की तालुक्याच्या गावात संध्याकाळी सायकलवरून फिरणारा पिग्मी एजंट हा पोस्टमनइतकाच ओळखीचा झाला. पोस्टाची आवर्ती ठेव, बँकेची एफडी, विम्याची पॉलिसी, पीपीएफ, आणि दिवाळीला किंवा गुढीपाडव्याला घेतलेले ग्रॅम-दोन ग्रॅम सोने अशा वाटांनी पगारदाराचा शिल्लक पैसा दोन-तीन पिढ्या जात राहिला.

या सगळ्यांत, सोने सोडले तर, एक गोष्ट समान होती. पासबुकातला आकडा कधी खाली येत नसे. तो वाढत असे किंवा जागच्या जागी राहत असे. पोस्टाच्या पासबुकावर शिक्का पडला की तो आकडा कायमचा झाला. आपली बचत कमी झालेली पगारदाराने कधी पाहिली नाही, आणि पाहिली नाही म्हणून ती कमी होत नाही अशी त्याची समजूत झाली. ही समजूत चुकीची होती. पण तिच्यावर सुखाने निवृत्त झालेली एक अख्खी पिढी आहे, त्यामुळे तिची थट्टा करण्यात अर्थ नाही.

घट होतच होती, फक्त ती कागदावर येत नव्हती. महागाई वर्षाला सरासरी ६ टक्के धरली, तर आजच्या १ लाख रुपयांची ताकद २० वर्षांनी सुमारे ३१,००० रुपयांइतकी उरते. विम्याची बचत पॉलिसी घेताना २० वर्षांनी मिळणाऱ्या रकमेचा आकडा एजंट कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवतो. तो आकडा खोटा नसतो, मिळतोही. पण भरलेले हप्ते आणि हातात आलेली रक्कम यांचे वार्षिक गणित मांडले तर बहुतेक वेळा उत्तर ५ ते ६ टक्क्यांच्या घरात येते, म्हणजे २० वर्षे जपलेला पैसा महागाईच्या बरोबरीने कसाबसा चालत आलेला असतो. १९६८ मध्ये सुरू झालेल्या पीपीएफवर १९८६ ते २००० या काळात १२ टक्के व्याज होते. एप्रिल २०२० पासून ते ७.१ टक्के आहे. ज्यांनी १२ टक्क्यांच्या काळात खाते उघडले त्यांच्या सल्ल्याने आजचा तरुण पीपीएफ उघडतो, आणि सल्ला देणारा व घेणारा दोघेही प्रामाणिक असतात. भिशी आणि पतसंस्था यांच्या बाबतीत घट वेगळ्या तऱ्हेने येई. वर्षानुवर्षे काही होत नसे, आणि मग एका सकाळी भिशीवाला गाव सोडून गेलेला असे, किंवा पतसंस्थेच्या शटरवर नोटीस लागलेली असे. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी तिथे ठेव ठेवणाऱ्याला हा फरक सहसा कुणी समजावून देत नाही.

‘शेअर बाजाराच्या वाटेला मी कधी गेलो नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या पगारदाराचीही गंमत आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून नव्याने जमा होणाऱ्या रकमेचा काही भाग शेअरच्या निर्देशांकावर चालणाऱ्या ईटीएफमध्ये गुंतवायला सुरुवात केली. आधी ५ टक्के, पुढे वाढवत १५ टक्के. म्हणजे तो बाजारात आहेच. फक्त त्याला वर्षातून एकदा जाहीर झालेला व्याजदर दिसतो, रोजचा चढउतार दिसत नाही, म्हणून झोप लागते.

न दिसणाऱ्या भावाचे काय होऊ शकते, याचा सगळ्यात मोठा धडा या देशातल्या पहिल्याच फंडाने दिला. युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया संसदेच्या १९६३ च्या कायद्याने स्थापन झाली, तेव्हा टी. टी. कृष्णमाचारी अर्थमंत्री होते. तिची पहिली योजना जुलै १९६४ मध्ये आली, ती युनिट स्कीम ६४. युनिटची दर्शनी किंमत १० रुपये. ‘म्युच्युअल फंड’ हा शब्द तेव्हा घराघरांत पोचलेला नव्हता. लोक म्हणत ‘युनिटं घेतली’. निवृत्तीच्या पैशांतून युनिटं, मुलीच्या लग्नासाठी युनिटं, विधवा बहिणीच्या नावाने युनिटं. सरकारने उभी केलेली संस्था म्हणजे सरकारची हमी, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. तशी हमी कागदावर कुठेही नव्हती.

युनिटचा विकण्याचा आणि परत घेण्याचा दर ट्रस्ट स्वतः ठरवी. जुलैत तो कमी ठेवला जाई आणि मग महिन्यागणिक थोडा थोडा चढवला जाई. या चढत्या दराचा आणि ट्रस्टजवळच्या शेअर-रोख्यांच्या खऱ्या किमतीचा संबंध किती, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता, कारण ती किंमत जाहीरच होत नसे. लाभांश मात्र घसघशीत. १९९० च्या दशकाच्या मध्याला तो २६ टक्क्यांपर्यंत गेला. इथे एक बारीक मेख होती, जी आजही पुष्कळांना उलगडत नाही: हे २६ टक्के दर्शनी १० रुपयांवर होते, म्हणजे युनिटमागे २ रुपये ६० पैसे. १५-१६ रुपयांना युनिट घेणाऱ्याच्या दृष्टीने तो दर बराच खाली येतो. पण टपालाने येणाऱ्या लाभांशाच्या वॉरंटवर कुणी भागाकार करत बसत नाही.

दरम्यान योजनेतला शेअरचा वाटा वाढत गेला होता. मुळात बेताची जोखीम असलेली ही योजना नव्वदच्या दशकात मुख्यतः शेअरवर तोलली गेली, आणि लोक तिला अजूनही मुदत ठेवीची चुलत बहीण समजत होते. १९९८ मध्ये पहिला तडा दिसला. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने युनिटचा दर क्रमाक्रमाने खऱ्या मालमत्ता मूल्याशी जोडावा असे सुचवले. तो जोडला जाण्याआधीच बाजार कोसळला. २००१ च्या उन्हाळ्यात मोठ्या कंपन्यांनी आपले पैसे काढून घेतले, चढ्या दराने. २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने युनिटची विक्री आणि परत खरेदी ६ महिन्यांसाठी थांबवली. मागे राहिले ते छोटे युनिटधारक. त्यांची संख्या कोटीच्या घरात होती. जानेवारी २००२ पासून योजना रोजच्या मूल्यावर आली, आणि ते मूल्य १० रुपयांच्याही बरेच खाली होते. अखेर सरकारने हात दिला: ५,००० युनिटांपर्यंत १२ रुपये आणि त्यापुढच्या युनिटांना १० रुपये असा भाव धरून २००३ मध्ये ६.७५ टक्क्यांचे करमुक्त रोखे देण्यात आले. युनिट ट्रस्टचे त्याच वर्षी दोन भाग झाले.

नुकसान बाजारामुळे झाले असे लोक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. बाजार पडत असताना युनिटधारकाच्या हातात जो दर होता तो पडत नव्हता, आणि ज्याला आतली खबर होती तो त्या न पडलेल्या दराने बाहेर पडला. जाणाऱ्याला जे जास्त मिळाले, ते राहणाऱ्याच्या वाट्यातून गेले. भाव लपवला की तोटा नाहीसा होत नाही. तो फक्त शेवटी उरणाऱ्याच्या नावावर चढतो.

आजच्या फंडाची घडण या अनुभवाच्या उलट बाजूने केलेली आहे. १९८७ मध्ये स्टेट बँकेचा फंड आला, १९९३ मध्ये पहिला खाजगी फंड आला, आणि १९९६ मध्ये बाजाराची नियामक असलेल्या सेबीचे पायाभूत नियम आले. त्यांचे सार फार थोडे आहे. लोकांचे पैसे फंड कंपनीच्या मालकीचे होत नाहीत. ते विश्वस्त निधीत राहतात, शेअर आणि रोखे तिसऱ्याच संस्थेच्या, म्हणजे कस्टोडियनच्या ताब्यात असतात, आणि कंपनी फक्त गुंतवणूक चालवण्याची फी घेते. कंपनी उद्या बंद पडली तरी युनिटधारकाचा वाटा तिच्या घेणेकऱ्यांना जात नाही. आणि दुसरे म्हणजे रोज संध्याकाळी हिशेब. योजनेजवळच्या प्रत्येक शेअरचा त्या दिवसाचा बंद भाव घ्यायचा, रोखे आणि रोकड मिळवायची, देणी आणि त्या दिवसापुरता खर्च वजा करायचा, उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागायचे. जो आकडा येतो तो निव्वळ मालमत्ता मूल्य. हा मराठी शब्द कुणी उच्चारत नाही, सगळे एनएव्हीच म्हणतात. बहुतेक योजनांना तो त्याच दिवशी रात्री ११ पर्यंत जाहीर करावा लागतो. येणाऱ्यालाही तोच भाव, जाणाऱ्यालाही तोच. मोठ्या कंपनीला आणि शाळेतल्या शिपायाला एकच.

एसआयपीची रक्कम खात्यातून गेल्यावर जे विवरण येते ते जवळून पाहण्यासारखे असते. ५,००० रुपये गेलेले असतात, पण गुंतवलेली रक्कम ४,९९९.७५ लिहिलेली असते. हे २५ पैसे मुद्रांक शुल्काचे. जुलै २०२० पासून युनिट खरेदीवर ०.००५ टक्के शुल्क लागते. पुढे त्या दिवसाची एनएव्ही, समजा ६२.४३८०, आणि मिळालेली युनिटे ८०.०७५. युनिटे तीन दशांश स्थळांपर्यंत मोजली जातात. किराणा दुकानात सुट्टे पैसे नाहीत म्हणून हातावर गोळी टेकवणाऱ्या देशात हा काटेकोरपणा थोडा विनोदी वाटतो, पण पैचा हिशेब याला म्हणतात.

एसआयपी ही योजना नाही, योजनेत पैसे भरण्याची सवय आहे. ‘एसआयपीत पैसे टाकले’ असे म्हणणाऱ्याने ते नेमके कुठे टाकले हे सांगितलेलेच नसते. तिचे अंकगणित सोपे आहे. दरमहा २,००० रुपये, आणि चार महिन्यांत एनएव्ही अनुक्रमे ५०, ४०, २५ आणि पुन्हा ४०. युनिटे मिळतात ४०, ५०, ८० आणि ५०, एकूण २२०. भरले ८,०००, शेवटच्या भावाने किंमत ८,८००. भाव ५० वरून ४० वर आला, म्हणजे मूळ जागीही परतला नाही, तरी ८०० रुपये वर. ही करामत नाही. २५ च्या महिन्यात ८० युनिटे पदरात पडली, एवढेच. पडलेल्या महिन्यात हप्ता भरणे हेच सगळे गणित, आणि नेमके तेच माणसाला जमत नाही.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला होता आणि ऑक्टोबरमध्ये ८,००० च्या आसपास घुटमळत होता. २०१० च्या दिवाळीत, मुहूर्ताच्या सौद्यांत, तो पुन्हा २१,००० वर बंद झाला. ज्याने २००८ च्या जानेवारीत सगळी रक्कम एकदम टाकली तो जवळपास तीन वर्षांनी होता तिथे आला. ज्याने त्या महिन्यापासून हप्ते सुरू केले आणि मधल्या अंधारातही थांबवले नाहीत, त्याच्याजवळ दहा-बारा हजारांच्या पातळीवर घेतलेली युनिटे होती. असे थांबले नाहीत ते किती? २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंश पडून २५,९८१ वर आला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५०,००० ओलांडले. पण याच मधल्या काळात देशभरातला एसआयपीचा मासिक ओघ मार्चमधल्या ८,६०० कोटींवरून नोव्हेंबरपर्यंत साडेसात हजार कोटींच्या खाली घसरला. त्यात पगार कापले गेलेले, नोकरी गेलेले अनेक होते. त्यांना बोल लावता येत नाही. बाकीच्यांनी बाजार वर येताना ‘आता तरी सुटलो’ म्हणून हप्ते बंद केले. पुढे तोच ओघ ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रथमच २५,००० कोटींच्या वर गेला. बाजार उंचीवर असताना गर्दी आणि उतारावर शुकशुकाट. भाजीबाजारात हेच लोक याच्या बरोबर उलट वागतात.

भिशीत असा प्रश्न येत नसे. तिथे थांबायचे म्हटले तर ११ जणांना तोंड दाखवावे लागे. एसआयपीत कुणी विचारत नाही, मोबाइलवर दोनदा अंगठा टेकवला की हप्ता बंद. म्हणून जाणते लोक हप्त्याची तारीख पगारानंतरची पाचवी-सातवी ठेवतात आणि फोनमधले ॲप उघडायचे टाळतात. भाव रोज जाहीर होतो याचा अर्थ तो रोज पाहायलाच हवा असा नाही, हे कळायला काहींना एक मंदी लागते, काहींना दोन.

भावाइतकाच महत्त्वाचा, पण कमी दिसणारा आकडा खर्चाचा. फंड कंपनी वर्षाचा खर्च योजनेतून रोज थोडा थोडा कापून घेते आणि एनएव्ही त्यानंतरचीच जाहीर होते. त्यामुळे पगारातून कापलेल्या व्यवसाय करासारखाच तोही कुणाला दुखत नाही. २०१९ मध्ये लागू झालेल्या मर्यादांप्रमाणे शेअरच्या छोट्या योजनेत तो २.२५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकत असे आणि योजना मोठी होईल तसा उतरत असे. त्यात वितरकाचे कमिशन असते. ऑगस्ट २००९ पर्यंत तर रक्कम भरतानाच वेगळी कात्री लागे. ती सेबीने बंद केली, आणि जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेची ‘डायरेक्ट’ आवृत्ती आली, जिच्यात कमिशन नसते. दोन्हींतला फरक बहुधा अर्धा ते एक टक्का. ऐकायला क्षुल्लक. महिन्याला ५,००० रुपये २० वर्षे भरले आणि १२ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ५० लाख होतात. ११ टक्क्यांनी वाढले तर पावणेचव्वेचाळीस लाखांच्या आत. भरलेले एकूण १२ लाख, आणि एका टक्क्याने नेलेले सहा लाखांहून जास्त. १२ टक्के मिळतीलच असे कुणीही लिहून देऊ शकत नाही. एक टक्का जाईल हे मात्र छापील असते. आणि मिळालेच ते ५० लाख, तरी ६ टक्के महागाईने आजच्या पैशांत त्यांची किंमत साडेपंधरा लाखांच्या आसपास भरते. जाहिरातीतले हसरे जोडपे हा दुसरा भागाकार करताना दिसत नाही.

यावरून वितरकाला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. केवायसीच्या कागदापासून ‘आत्ता काढू नका, थांबा’ असे फोनवर समजावण्यापर्यंतचे काम तो करतो, आणि दुसऱ्या कामाची किंमत एखाद्या मंदीत एक टक्क्याहून पुष्कळ जास्त असते. कमिशन घेऊन दर दोन वर्षांनी एका योजनेतून दुसरीत उड्या मारायला लावणारा वितरक वेगळा. तो ओळखण्याची एक खूण आहे. त्याच्या तोंडी सतत नव्या योजनेचे नाव असते, आणि ‘फक्त १० रुपयांत’ हे तो आवर्जून सांगतो. नव्या योजनेची १० रुपयांची एनएव्ही स्वस्त आणि जुनीची ४०० ची महाग, हा गैरसमज कांदा-बटाट्याच्या हिशेबातून आलेला आहे. दोन्ही योजनांजवळ तेच शेअर असतील तर १० टक्क्यांच्या तेजीत १० चे ११ आणि ४०० चे ४४० होतात. १०,००० रुपये टाकणाऱ्याला दोन्हीकडे ११,००० च मिळतात.

योजनांच्या प्रकारांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. सेबीने २०१७ मध्ये त्यांची फेरमांडणी केली: बाजारमूल्याप्रमाणे पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, पुढच्या १५० मिड कॅप, उरलेल्या स्मॉल कॅप. ज्याला निवडीत पडायचे नाही त्याच्यासाठी निर्देशांकाची नक्कल करणारे स्वस्त इंडेक्स फंड आहेत, आणि सामान्य पगारदाराला त्यापलीकडे जाण्याची गरज क्वचितच पडते. कर वाचवण्याच्या ईएलएसएस योजनांवर ३ वर्षांचे कुलूप असते. जानेवारीत ऑफिसातून ‘प्रूफ जमा करा’ असा मेल आला की त्यांची आठवण होत असे. नव्या करप्रणालीत ती वजावटच नाही, त्यामुळे ही घाईही ओसरली. शेअर योजनेतली युनिटे वर्षभर ठेवून विकली तर जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढे १२.५ टक्के कर आहे.

रोख्यांच्या योजनांविषयी मात्र एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचीही एनएव्ही रोज येते, पण प्रत्येक एनएव्ही सारख्याच वजनाची नसते. शेअरचा भाव बाजारात हजारो सौद्यांतून ठरतो; कमी पत असलेल्या कंपनीचा रोखा आठवडेच्या आठवडे कुणी विकतही नाही, घेतही नाही, आणि त्याची रोजची किंमत हा जाणकारांनी केलेला अंदाज असतो. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने अशा रोख्यांचा भरणा असलेल्या सहा योजना एकाएकी गुंडाळल्या. एफडीला पर्याय म्हणून त्यांत पैसे ठेवलेल्या निवृत्तांना आदल्या दिवशीची एनएव्ही दिसत होती, पैसे काढता येत नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत रक्कम हप्त्याहप्त्याने परत मिळाली. पण ज्याचे ऑपरेशन मे महिन्यात होते त्याला ‘दोन-तीन वर्षांत’ काय उपयोगाचे?

म्हणूनच पगारदाराच्या घरात फंडाची पाळी पहिली नसते. त्याआधी चार-सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, साध्या एफडीत, वाटेल तेव्हा मोडता येईल असा. कमावत्याच्या नावावर बचतीचे आमिष नसलेला निव्वळ मुदतीचा विमा. आणि दवाखान्याचा विमा. हे नसताना सुरू केलेली एसआयपी पहिल्याच आजारपणात, बहुधा पडत्या भावात मोडली जाते. आणि फंड घेतल्यावर नॉमिनीचे नाव. कपाटात विम्याच्या पॉलिसीचा जाड कागद तरी सापडत असे. फोलिओ नंबर कुणाच्या तरी ईमेलमध्ये असतो, आणि त्या ईमेलचा पासवर्ड घरात दुसऱ्या कुणाला माहीत नसतो. नवऱ्यामागे पीएफच्या ऑफिसात खेटे घालणारी बाई जुन्या पिढीने पाहिली आहे. आता ती आधी नवऱ्याचा फोन उघडायच्या खटपटीत असते.

पगार थांबतो तेव्हा हीच वाट उलट दिशेने चालू होते. युनिटे विकायला सांगितल्यावर दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यावर येतात. पण निवृत्त माणसाला एकदम रक्कम नको असते, तारीख हवी असते. म्हणून ठरावीक रक्कम दरमहा काढून घेण्याची सोय, एसडब्ल्यूपी. ५ तारखेला ३०,००० रुपये जमा, जणू पगारच. फक्त अंकगणित पलटलेले असते. एनएव्ही ६० असेल त्या महिन्यात ५०० युनिटे विकली जातात. ती ४० वर आली तर त्याच ३०,००० साठी ७५० जातात. हप्ते भरताना मंदी जास्त युनिटे देत होती, काढताना ती जास्त युनिटे खाते, आणि निवृत्तीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच मोठी मंदी आली तर पुढच्या तेजीला हात देण्याइतकी युनिटे शिल्लक राहत नाहीत. त्यामुळे निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधीपासून तेवढ्याच वर्षांचा खर्च शेअरच्या योजनेतून थोडा थोडा काढून एफडीत किंवा पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत नेऊन ठेवतात. तिथल्या पासबुकावर शिक्का पडतो आणि आकडा खाली येत नाही.